टकटक आली नाही की दार

रविवार, १

ही वही घड्याळजींनी दिलेली. महिनाभर कोरीच पडून होती. आज पहिलं पान उघडतेय ते त्यांच्याच नावाने बोटं मोडायला.

सकाळी मला उठायला दहा मिनिटं उशीर झाला. आठवडाभर लाँड्रीत उभं राहून दुनियेच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईला रविवारी दहा मिनिटं जास्त झोप लागली, तर काय आभाळ कोसळतं? पण माझ्या शेजारी घड्याळजी राहतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता निवृत्त झाल्यावर माणसं दुरुस्त करायला घेतलीत.

गेल्या वर्षी मी न्हाणीघरात घसरले आणि दीड दिवस तिथेच पडून राहिले. कुणाला पत्ता नाही. त्यानंतर घड्याळजींनी आमचा नियम बसवला. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या स्वयंपाकघरांतून, ओट्याखालून, एक जुना लोखंडी पाइप जातो. नवी लाइन आल्यापासून तो कोरडा आहे, साधा चमचा लागला तरी खणखणतो. रोज सकाळी पावणेसातला मी त्यावर दोनदा चमचा वाजवायचा, मग त्यांनी दोनदा. दोन म्हणजे 'मी आहे'. कुणी चहा टाकला तर तीन, म्हणजे 'चहाला या'. आणि मोठा नियम एकच: टकटक आली नाही की दार. म्हणजे उठायचं आणि समोरच्याचं दार गाठायचं. लाज, संकोच, मानपान काही नाही.

तर आज टकटक गेली नाही. घड्याळजी पाच मिनिटं थांबले आणि त्यांच्या पलीकडच्या खोलीतल्या बस कंडक्टरला उठवून घेऊन आले. दोघांनी खांदे लावून माझ्या दाराची कडी तोडली. मी अंथरुणात, केस पिंजारलेले, कवळी वाटीत. असा संताप आला! बोळक्या तोंडानेच ओरडले, "मेले नव्हते मी, झोपले होते! पुन्हा माझ्या दाराशी यायचं नाही!"

घड्याळजी म्हणाले, "बाई, नियम म्हणजे नियम. टकटक आली नाही."

"खड्ड्यात गेला नियम."

कंडक्टर बिचारा मध्येच "ताई, मी आपला…" म्हणायला गेला, तर त्यालाही सुनावलं, "तुम्हीसुद्धा लोकांची दारं ठोकत फिरू नका." तो मान खाली घालून गेला. घड्याळजीही त्याच्यामागून गेले.

वहीत रोज एक चांगली गोष्ट लिहायची, असं देताना म्हणाले होते. आजची चांगली गोष्ट: कवळी वाटीतून पडली नाही.


मंगळवार, ३

काल आणि आज टकटक केली. अबोला तोंडाचा आहे, चमच्याचा नाही. तिकडूनही दोन आले, जाड, ठाम, त्यांच्या त्या जुन्या पितळी चमच्याचे. काल रात्री कंडक्टरने नवी कडी बसवून दिली. मी पाणी विचारलं, तर नको म्हणाला.

संध्याकाळी कामावरून येताना घड्याळजींच्या खिडकीत दिवा होता. ती त्यांची करामत. आठ दिवस चालणारं एक जुनं घड्याळ त्यांनी दिव्याच्या बटणाला जोडलंय. साडेसहाला आपोआप लागतो, दहाला विझतो. "आपण विसरू, घड्याळ विसरत नाही," म्हणतात. बुधवारी सकाळी नऊला चावी देतात. माझी बुधवारी सुट्टी असते म्हणून मला ती कर्र कर्र भिंतीतून ऐकू येते.

मी आधी बोलणार नाही. माझी कडी मोडली आहे, त्यांची नाही.


बुधवार, ४

जिंकले!

दुपारी दीडच्या सुमाराला पाइप वाजला. तीन. 'चहाला या.' म्हणजे म्हातारा नरमला. सकाळी नेहमीसारखे दोन, मग नऊला चावीची कर्र कर्र, आणि दुपारी हे तीन.

मी जागची हलले नाही. बसू दे जरा ताटकळत. थोड्या वेळाने पुन्हा तीन आले. मी पर्स उचलली आणि धाकट्या बहिणीकडे निघून गेले. जिना उतरताना स्वतःशीच हसत होते. धाकटीला सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "तायडे, या वयात रुसवेफुगवे? जा की चहाला." मी म्हटलं, उद्या बघू.

परत यायला आठ वाजले. त्यांच्या खिडकीत दिवा होता. चांगली गोष्ट: आज खूप दिवसांनी कुणीतरी माझी मनधरणी केली.


गुरुवार, ५

पावणेसातला दोनदा वाजवलं. उत्तर आलं, पण जरा उशिरा, आणि आवाज बारीक. टिक टिक. पितळी चमच्याचा नव्हे. काल मी गेले नाही म्हणून रागाने दुसरंच काहीतरी घेतलेलं दिसतंय. घ्या, चहाचा चमचा घ्या, नाहीतर टाचणी घ्या.

नऊला कामावर निघाले तर त्यांचा पेपर दाराबाहेर पडलेला. हे कधी होत नाही. पेपर पडला की दोन मिनिटांत आत जातो. दुधाची पिशवी मात्र कडीवर नव्हती, म्हणजे ती घेतली होती. मग पेपर का ठेवला? मी उचलून घ्यावा, त्या निमित्ताने दार वाजवावं म्हणून? इतकी काही मी खुळी नाही. पण पेपर बाहेर पडलेला दिसला की चोराला आमंत्रण, म्हणून दाराखालून आत सरकवला. चांगली गोष्ट झाली आणि बोलावंही लागलं नाही.


शनिवार, ७

कालही पेपर बाहेर, आजही. दोन्ही दिवस सरकवला. दूध रोज आत जातंय, दिवा रोज लागतोय, टिक टिक रोज येतेय. माणूस धडधाकट आहे आणि पेपर फक्त माझ्यासाठी बाहेर ठेवतोय. रुसणं असावं तर असं.

लाँड्रीत त्यांचा पांढरा सदरा तयार होऊन पडलाय, भांडणाच्या आधी टाकलेला. मालक म्हणाले, "तुमचे घड्याळवाले आले नाहीत या शनिवारी? सहाच्या ठोक्याला येतात." मी म्हटलं, माझे कसले?


सोमवार, ९

सदरा मीच घेतला. दुसरं बटण लोंबत होतं, ते शिवलं. कॉलरला हातानं इस्त्री फिरवली, मशीनवर नाही. घरी आणून त्यांच्या कडीला अडकवला. चिठ्ठी नाही ठेवली. कॉलर बघून त्यांना कळेल कुणाचा हात आहे ते.

आमच्या मजल्याची फरशी आज ओली होती, चपला चिकटत होत्या. कुणीतरी फिनेलने धुतलेली दिसते. मला वास कळत नाही. डाग काढायच्या द्रावणाने वीस वर्षांत नाक मेलंय. पण कुणी आपणहून फरशी धुतो, म्हणजे जगात चांगुलपणा शिल्लक आहे.


मंगळवार, १०

सकाळी सदरा कडीवर नव्हता. मिळाला! तरी आभाराचा एक ठोका नाही. नेहमीचे दोन, बारीक.

आज लाँड्रीत उभी असताना एकदम वाटलं, मी फार ताणतेय. दीड दिवस न्हाणीघरात पडले होते तेव्हा मला वाटायचं, कुणीतरी नुसतं दार ठोठावावं. तेवढंच. पुढे त्या माणसाने फक्त दहा मिनिटांच्या उशिराने दार तोडलं, आणि मी त्याला कवळीवरून घराबाहेर काढलं. उद्या सुट्टी आहे. उद्या मीच तीन वाजवीन.


बुधवार, ११

दुपारी चहा टाकला. त्यांचा तो मोठा कान असलेला कप काढला. ओट्याखाली वाकले, गुडघे करकरले, आणि तीनदा वाजवलं.

उत्तर आलं. दोन.

दोन म्हणजे 'मी आहे'. आहात ना, मग या! मी दार सताड उघडं टाकून बसले. चहा गार झाला. पुन्हा तीन वाजवले. पुन्हा दोन आले, लगेच, जणू पाइपाशीच बसून होते. तिसऱ्यांदा वाजवलं. पुन्हा दोन. मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. रागच यायला हवा होता. पण अंगावर काटा आला आणि मी उठून दार लावून घेतलं. उगाचच, दुपारचे तीन वाजले असताना.

आत्ता लिहिताना आठवलं. आज बुधवार आणि सकाळी नऊला मी घरातच होते. चावीची कर्र कर्र ऐकू आली नाही. मी नळ सोडला असेन तेव्हा. संध्याकाळी दिवा लागला, मी खाली जाऊन रस्त्यावरून बघून आले. लागला होता.


शनिवार, १४

दोन दिवस हात चालला नाही. आता सगळं क्रमाने लिहिते.

गुरुवारी सकाळी दोन वाजवले, दोन आले. संध्याकाळी येताना रस्त्यावरून वर बघितलं, तर त्यांच्या खिडकीत अंधार. सात वाजले होते. मी तिथेच उभी राहिले. लोकं मला वळसा घालून जात होती. एकच विचार: घड्याळजी चावी द्यायला विसरले? घड्याळजी?

वर आले. अबोला, मान, सगळं विसरून दार ठोकलं. कुणी बोललं नाही. तेवढ्यात कंडक्टर बाहेर आला. हातात फिनेलची बाटली.

"ताई, बरं झालं तुम्ही आहात. हा वास काही जात नाहीये. मला वाटलं, गच्चीच्या नळीत उंदीर मेला असेल."

"घड्याळजी दार उघडत नाहीयेत."

"झोपले असतील. पेपर तर सकाळी आत गेलाय."

"पेपर मी सरकवते."

त्याने बाटली खाली ठेवली. मी म्हटलं, "पण दूध घेतात ना ते. रोज पिशवी आत जाते."

"पिशवी मी काढून ठेवतो," तो म्हणाला. "पहाटे ड्यूटीला जाताना. मांजर फाडतं म्हणून. मला वाटलं वय झालंय, विसरत असतील, बोलून कशाला लाजवा. माझ्या फ्रिजमध्ये आहेत सगळ्या पिशव्या. तो सदराही माझ्याकडे आहे. कुणी चोरेल म्हणून."

"मग विचारलं का नाहीत त्यांना? दार का नाही वाजवलंत?"

तो हळूच म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना ताई. लोकांची दारं ठोकत फिरू नका."

कडी त्यानेच तोडली. एकट्याने.

दाराआड माझे पेपर. सगळेच्या सगळे, एकावर एक. घड्याळजी स्वयंपाकघरात होते, ओट्याजवळ, जमिनीवर. कंडक्टरने मला पुढे जाऊ दिलं नाही, पण मी पाहिलं. ओट्यावर दोन कप मांडलेले होते. पातेल्यात चहा आटून काळा झालेला. आणि त्यांचा हात पाइपाकडे, हाताशी पितळी चमचा.

पोलिसांबरोबर आलेला डॉक्टर म्हणाला, आठवडा होऊन गेला. मी त्याला सांगत होते, शक्य नाही, आज सकाळी त्यांनी मला उत्तर दिलंय. रोज देतात. डॉक्टर फार सभ्य माणूस. माझ्या खांद्यावर हात ठेवून कंडक्टरला म्हणाला, "यांना जरा बसवा."

दीड दिवस पडून राहण्याचा मला अनुभव आहे. त्यांना किती वेळ लागला असेल ते डॉक्टरने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. चार तारखेचं पान उघडलं. 'जिंकले!' असं लिहिलंय. खाडाखोड करणार नाही.

पण हे लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. काल सकाळी मी चमचा हातात घेतलाच नाही. त्यांच्या खोलीला पोलिसांचं कुलूप आहे. पावणेसात झाले आणि पाइप वाजला. टिक टिक. मी वाजवलं नव्हतं. आपणहून आले. मी पलंगावर पाय वर घेऊन बसले.

आज पुन्हा. टिक टिक. मग थोडं थांबून पुन्हा टिक टिक. विचारल्यासारखं.

धाकटी म्हणते, माझ्याकडे राहायला ये. पण मला जाता येत नाही. ते जर घड्याळजी असतील, तर एकदा तोंड फिरवलं तेवढं पुरे झालं. दुसऱ्यांदा ते माझ्याने होणार नाही.


रविवार, १५

कंडक्टरला सगळं सांगितलं. तो हसला नाही. आज त्याची सुट्टी, म्हणून साडेसहालाच आला आणि माझ्या ओट्याखाली कान लावून बसला. धिप्पाड माणूस, घडी केल्यासारखा दिसत होता. पावणेसातला टिक टिक आलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आता मी माझ्याकडे जातो," तो म्हणाला. "तुम्ही दोन वाजवा. मी तिथून ऐकतो."

तो गेला. मी वाजवलं. उत्तर आलं. तेवढ्यात तो धावत परत आला. "ताई, हे त्यांच्या खोलीतून येत नाहीये. माझ्याकडे मोठं ऐकू येतं. पाइप माझ्या भिंतीतून पुढे जातो. पलीकडच्या जिन्याकडे."

आम्ही खाली उतरलो, इमारतीला वळसा घातला, दुसरा जिना चढलो. इतकी वर्षं राहते, त्या जिन्याला माझा पाय कधी लागला नव्हता. आमच्याच मजल्याच्या उंचीवर एक निळं दार. ठोठावलं. आतून आवाज आला, "उघडंच आहे. मला उठता येत नाही."

स्वयंपाकघरातच तिची खाट होती, पाइपाला लागून. माझ्याहून थोडी मोठी असेल. कमरेखाली अधू. मांडीवर लोकर, हातात विणकामाची सुई. सकाळी दहाला एक मदतनीस येते आणि बाराला जाते, बाकी दिवस एकटीचा. आम्हाला बघून ती इतकी आनंदली की मला तिच्याकडे बघवेना.

"पाइपवाले तुम्हीच का?" तिने विचारलं. "वर्षभर ऐकतेय मी. पावणेसातला दोन, मग दोन. त्यावर माझा दिवस उगवायचा. मी कधी मध्ये पडले नाही. दुसऱ्यांचं बोलणं, आपण कशाला तोंड घालायचं."

"मग पडलात कधी?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"गेल्याच्या गेल्या बुधवारी. दुपारी तीन ठोके वाजले. पहिल्यांदाच नाही, तीन मी आधीही ऐकले होते, पण तेव्हा पलीकडून दार वाजायचं, हसण्याचे आवाज यायचे. या वेळी काहीच नाही. मग पुन्हा तीन. पुन्हा तीन. कुणी उत्तरच देईना." तिने सुई खाली ठेवली. "मला फार वाईट वाटलं. कुणीतरी उत्तर द्यायला हवं ना? मला आपले दोनच माहीत. मी सुईने दोन वाजवले."

"मग?"

"मग थोडा वेळ शांत. मग तिकडून तीन. मी दोन. असं संध्याकाळपर्यंत चाललं होतं. ते हळू झाले, पण मी काही सोडलं नाही. दिवे लागले तेव्हा त्यांनी तीनऐवजी दोन वाजवले. अगदी हळू. आणि मग थांबले. मला वाटलं, समजूत पटली. तेव्हापासून रोज मीच उत्तर देते, म्हटलं त्यांचं काही बिनसलं असेल तर तुटायला नको."

कंडक्टर खिडकीकडे वळला. त्या बुधवारी त्याची दुहेरी पाळी होती, रात्री अकराला घरी आला. हे तो मला गेल्या तीन दिवसांत पाच वेळा सांगून चुकलाय.

त्यांना वाटलं असणार, मीच आहे. सुईचा आवाज त्यांना कळला नसेल, की कळला असेल? दुपारभर ते मला 'या' म्हणत होते आणि मी 'आहे, आहे' म्हणत होते. शेवटी त्यांनीच 'मी आहे' म्हटलं आणि विषय संपवला. माझ्यावर रागावून संपवला की मला सोबत समजून, हे मला आता कोण सांगणार?

"तीन म्हणजे काय असतं हो?" बाईंनी विचारलं.

"चहाला या."

"अगं बाई!" त्या हसल्या. "म्हणजे मी दुपारभर त्यांना नुसतं तंगवलं की! मग तुम्ही गेलात ना चहाला?"

थाप मारता आली असती. कंडक्टर डोळ्यांनी तेच सांगत होता. पण या वहीत खोटं लिहिलेलं नाही.

"नाही गेले," मी म्हटलं. "मी रुसले होते."

मग सगळं सांगितलं. त्यांनी सुई दोन्ही हातांत घट्ट धरून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "मला वाटलं होतं, मी चांगलं करतेय."

"मलाही," मी म्हटलं.


सोमवार, १६

पावणेसातला बाईंची टिक टिक आली. मी दोन वाजवले, चमचा ओट्यावर ठेवला आणि दाराला कुलूप लावून निघाले. आपला जिना उतरून, वळसा घालून, त्यांचा जिना चढून जायला सहा मिनिटं लागतात. गुडघे धरून नऊ.

निळं दार ठोठावलं तर त्या घाबरल्या. "काय झालं? मी तर वाजवलं की! आहे मी!"

"ऐकलं," मी म्हटलं. "म्हणूनच आले."

त्यांच्याकडे चहाची पूड कुठे आहे ते शोधण्यात पाच मिनिटं गेली. कामावर पोचायला उशीर झाला, मालक बोलले. बोलू देत. घड्याळजींचा नियम मी थोडा बदलला आहे. त्यांना बदललेलं आवडत नाही, पण ते आता माझ्या दाराशी भांडायला येऊ शकत नाहीत, आले असते तर किती बरं झालं असतं. या पानावर लिहून ठेवते, विसरायला नको.

टकटक आली तरी दार.